पश्चिमेच्या बुरुजाला टेकलेला माणूस

आधीच सांगते, ही गोष्ट खरी आहे. खाली कमेंटमध्ये "ताई, स्क्रिप्ट भारी" असं लिहायचं असेल तर इथूनच मागे फिरा. सध्या माझी मस्करी झेलायची मनःस्थिती नाही.

मागच्या नोव्हेंबरातला मंगळवार. जागा न्युरेम्बर्ग, आमचं ऑफिस, तिसरा मजला.

आणि रात्रबित्र काही नव्हती. सकाळचे अकरा चाळीस झाले होते. बाहेर स्वच्छ ऊन, खालून ट्राम चाललेली, बाजूच्या टेबलावर एकजण ब्रेटझेल खात बसलेला.

भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं त्यांनी तो समज काढून टाका.

मी देवश्री. मूळची सांगलीची. नवरा उत्कर्ष इथे गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहे आणि मी एका छोट्या सर्व्हे फर्ममध्ये. फर्मचं नाव सांगणार नाही. गडाचंही नाव बदललंय. केस चालू आहे.

आमचं काम असं. जुन्या इमारतीत तीन पायांच्या स्टँडवर स्कॅनर ठेवतात. तो गोल फिरतो आणि लेझरने भिंती मोजतो. एका जागेवरून कोट्यवधी ठिपके मिळतात. मग स्टँड उचलून पुढच्या जागी. अशा प्रत्येक जागेला स्टेशन म्हणतात. सगळी स्टेशनं जोडली की आख्खी इमारत कॉम्प्युटरमध्ये उभी राहते. ती जोडायची आणि साफ करायची, हे माझं काम.

साफ करायची म्हणजे... माणसं काढायची.

मोजणी चालू असताना कुणीतरी मध्ये येतंच. शेळी, कुत्रं, चहा घेऊन आलेला कुणी. इथे नियम कडक. डाटेनशुत्स, म्हणजे कुठल्याही माणसाची खाजगी माहिती बाहेर जाता कामा नये. मॉडेलमध्ये माणूस दिसायलाच नको. त्यासाठी एक बटण आहे. दाबलं की माणसं गेली.

सात वर्षं मी ते बटण दाबत आले. हजारो माणसं पुसली असतील. कधी काही वाटलं नाही.

मग भाणसरच्या कोटाचं काम आलं.

थरच्या वाळवंटातला कोट. जवळची वस्ती अकरा किलोमीटर, जवळचा दवाखाना चौऱ्याऐंशी. एका पार्टीला तिथे हॉटेल काढायचं होतं. तंबू, उंटाची सफर, आणि पोहायला तलाव. जिथे बायका हंडाभर पाण्यासाठी उन्हात तासभर चालतात, तिथे तलाव. मी तेव्हाच फोल्करला म्हटलं, हे लोक डोक्यावर पडलेत का? फोल्कर माझा बॉस. तो म्हणाला, "आल्झो, हे बघ देवश्री, तो आपला विषय नाही."

हे वाक्य लक्षात ठेवा. आमच्याकडे सगळ्याला हेच उत्तर आहे.

एके काळी त्या कोटावरून उंटांचे तांडे जायचे. कोटाचा धनी त्यांना पाणी आणि आसरा द्यायचा, बदल्यात मालातला वाटा घ्यायचा. पुढे रेल्वे आली आणि तांडे आटले. विहीर खारी झाली. धनी शहरात राहायला गेला. मागे राहिलेल्यांनी दरवाज्याचं लाकूड नेलं, मग छताच्या तुळया नेल्या. उरलेलं वाळूने गिळलं. पूर्वेकडून वाळू इतकी चढलीय की माणूस चालत चालत तटाच्या माथ्यावर पोचतो. चारपैकी तीन बुरुज बसलेत.

एकच उभा होता. पश्चिमेचा.

तोच का उभा राहिला, हे आमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

दारावर पाटी आहे. कोट कुणी बांधला? अमक्या ठाकुराने. ठाकुराने जन्मात एक दगड उचलला असेल तर शपथ.

मोजणीला गेला होता दत्ता. आमच्या पुण्याच्या टीमचा. जुन्नरचा मुलगा, एकतीस वर्षांचा, लग्नाला दोन वर्षं झालेली. गड म्हणजे त्याचा जीव. कुठल्याही गडात शिरताना आधी उंबऱ्याच्या दगडाला हात लावून कपाळाला लावायचा. भाणसरलाही लावला असणार. सप्टेंबरात तीन दिवसांत त्याने चौसष्ट स्टेशनं केली आणि एक रिपोर्ट दिला. त्यात एक ओळ होती. पश्चिमेच्या बुरुजाला पायापासून चार बोटं रुंद भेग आहे, टेकू लावल्याशिवाय खाली कुणाला उभं करू नका.

तो रिपोर्ट जर्मनमध्ये मी केला.

फोल्कर म्हणाला, ती ओळ काढ. आपल्याला मोजायचं काम दिलंय, सल्ला द्यायचं नाही. टेकू लावा म्हटलं की क्लायंटचा वेळ जातो.

मी काढली. होय, मी. कुणाला शिव्या घालायच्या असतील तर रांगेत या, पहिला नंबर माझाच आहे.

नोव्हेंबरात मी साफसफाई करायला बसले. चाळीस स्टेशनं सरळ गेली. एकेचाळिसावं उघडलं...

बुरुजाच्या पायाशी एक माणूस होता.

आमच्याकडे पाठ. डोक्याला फेटा, उघडं अंग, काटकुळे पाय. दोन्ही तळहात भिंतीला लावलेले, एक पाय मागे रोवलेला. बंद पडलेली गाडी ढकलतात ना, तसा.

गावातला कुणी असेल, म्हटलं. बटण दाबलं.

स्क्रीनवर आलं, एकही व्यक्ती सापडली नाही.

पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

बेचाळिसावं स्टेशन उघडलं. तिथेही तो. त्रेचाळीस... तिथेही. जिथून जिथून पश्चिमेचा बुरुज दिसतो, तिथून तो दिसत होता. एकूण सतरा स्टेशनं. त्यातली काही दुसऱ्या दिवसाची, काही तिसऱ्या दिवसाची. जागा तीच. पाय तसाच रोवलेला.

आता ऐका. स्कॅनर लेझरने मोजतो तसा त्याच जागेवरून फोटोही काढतो. मी सतराही फोटो उघडले.

एकातही माणूस नव्हता. नुसती भिंत.

घाबरायला हवं होतं. मला राग आला. मी दत्ताला फोन लावला आणि झाप झाप झापलं. कुणाला उभं केलं होतंस तिथे? झोपा काढत होतास का?

"ताई, आईशपथ कोणी नव्हतं," तो म्हणाला. "मशीन चालू केलं की मी आणि नागेश दाराबाहेर जायचो. तिथं तर चिटपाखरू पण नव्हतं."

नागेश म्हणजे टीमचा ड्रायव्हर.

"मग हा कोण आहे? तुझा आजोबा?"

असं बोलले मी त्याला. नंतर मेल लिहिली. पश्चिमेचा बुरुज पुन्हा मोजून आणा, जवळून, पायापासून. फोल्करला कॉपी. भेगेचं मला माहीत होतं, तरी लिहिली. रागाच्या भरात माणूस अक्कल गहाण टाकतो.

दत्ता मुकाट गेला.

रविवारी सकाळी त्याचा व्हॉइस मेसेज आला. मी स्वयंपाकघरात होते, फोन ओट्यावर ठेवून स्पीकरवर लावला. माझ्या सासूबाई, प्रभाताई, तेव्हा पुण्याहून आलेल्या होत्या. त्या भाजी निवडत होत्या. मेसेज साधा होता. पोचलो, वारा फार आहे, उद्या सुरू करतो.

आई म्हणाल्या, "देवश्री, त्याच्या मागे कोण कण्हतंय गं?"

मी म्हटलं, वारा आहे हो आई.

"वारा नाही. लाव पुन्हा."

लावला. तीनदा ऐकला. दत्ताच्या आवाजाच्या मागे, अगदी बारीक...

हं... हं... हं...

ओझं पेलताना माणूस दातओठ खाऊन आवाज काढतो, तो. थांबत नव्हता.

आई बाळंतपणं करणाऱ्या नर्स होत्या, सहजासहजी घाबरत नाहीत. त्यांनी सुरी खाली ठेवली. "त्या पोराला परत बोलाव," एवढंच म्हणाल्या.

मी नाही बोलावलं. शुक्रवारची डेडलाइन होती.

सोमवारी त्याचा फोन आला. आवाज उतरलेला. वस्तीवरच्या एका म्हाताऱ्याला त्याने विचारलं होतं. म्हाताऱ्याने जे सांगितलं ते दत्ताने मला जसंच्या तसं सांगितलं.

कोट बांधताना पश्चिमेचा बुरुज तीनदा कोसळला होता. मग कुणीतरी ठाकुराला सांगितलं, आत जिवंत माणूस उभा करा, मग टिकेल. पाया खणणाऱ्यांतला एक निवडला. तुझ्या बायकापोरांना गोड्या पाण्याची विहीर देतो म्हणाले. तो उभा राहिला. हात भिंतीला लावून. भोवती चिरे रचत गेले. बुरुज टिकला.

विहीर दिली नाही.

"त्याचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"कोणाला ठाऊक नाही ताई. आजही तिथून जाताना लोक पायाशी घोटभर पाणी ओततात. मी पण ओतलं." मग म्हणाला, "ताई, त्याला काढू नका ना. राहू दे तसाच."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, खरं सांगते. त्या ठाकुरावर. त्या पाटीवर. तीनशे वर्षं एक माणूस भिंत धरून उभा आहे आणि कुणी त्याचं नाव लिहून ठेवलं नाही. आणि तरी मी काय म्हणाले?

"बघते."

मंगळवारी सकाळी फोल्कर माझ्या टेबलापाशी आला. स्क्रीनवर तो माणूस होता. "हा अजून इथे का?" मी म्हटलं, फिल्टर त्याला पकडत नाहीये. "मग हाताने काढ. मॉडेलमध्ये माणूस चालणार नाही."

मी हाताने काढायला घेतला. माऊसने त्याच्याभोवती रेघ ओढायची आणि डिलीट. एक स्टेशन. दुसरं. प्रत्येक वेळी फेट्यापासून सुरुवात, टाचेपर्यंत. तो गेला की मागे भिंतीवर त्याच्या आकाराचं काळं भोक उरायचं. पंधरा... सोळा...

सतरावा पुसला तेव्हा घड्याळात अकरा चाळीस झाले होते. कानात हेडफोन होता, त्यात काहीही चालू नव्हतं.

आणि माझ्या कानात कुणीतरी श्वास सोडला.

हुश्श...

लांब. अंगावरचं सगळं ओझं खाली ठेवल्यासारखा. त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी सुटलं, असं वाटलं.

बारा वाजून पाच मिनिटांनी नागेशचा फोन आला. तो ओरडत नव्हता. नुसता भराभर बोलत होता.

"ताई, बुरुज आला. सगळा आला. दत्ता खाली आहे."

"केव्हा?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

तिथले चार दहा म्हणजे इथले अकरा चाळीस. हिशेब करायला मला वेळ लागला नाही. भारतात घरी फोन करायची सवय आहे आपल्याला, साडेचार तास बोटावर असतात.

पुढचे चार तास कसे गेले ते मला सांगता येणार नाही. वस्तीवरचे लोक आले होते, हाताने दगड काढत होते. दगड उचलायचं मशीन यायला रात्र होणार होती. बुरुजाला जोडलेला तट वरून सुटत होता, मधूनमधून चिरे खाली येत होते. नागेश म्हणाला, "ताई, आम्ही पण जाणार बहुतेक. पण सोडून कसं यायचं?" फोन तसाच चालू ठेवला होता त्याने. दगड पडायचे आवाज मी इथे बसून ऐकत होते. फोल्कर माझ्या खांद्यावर हात ठेवायला आला. मी तो हात झटकला.

इथल्या चार वाजता, मला वेड लागलं म्हणा, मी मूळ प्रत उघडली. सप्टेंबरची, जिला कधीच कुणी हात लावत नाही ती. म्हटलं, त्याला परत आणते. सतराच्या सतरा स्टेशनं परत टाकते. पुन्हा उभा राहा बाबा, माझ्या माणसांवर भिंत पडतेय. हात जोडून म्हणाले मी, ऑफिसात, सगळ्यांसमोर.

एकेचाळिसावं स्टेशन उघडलं.

बुरुजाच्या पायाशी माणूस होता. दोन्ही तळहात भिंतीला. एक पाय मागे रोवलेला.

पण फेटा नव्हता...

टोपी होती. उलटी घातलेली. अंगात आमच्या टीमचं खिशांचं जाकीट. डावा खांदा जरा खाली. सहा वर्षं त्या खांद्यावरून स्टँड वाहून तो तसाच झाला होता. आम्ही त्याला त्यावरून चिडवायचो.

ही सप्टेंबरची मोजणी होती. ती झाली तेव्हा दत्ता दाराबाहेर उभा होता.

फोनमधून नागेशचा आवाज आला. "ताई... दगड यायचे थांबले."

वीस मिनिटांनी ते दत्तापर्यंत पोचले. तो पडलेला नव्हता. चिऱ्यांच्या मध्ये उभा सापडला. हात वर, तळवे दगडाला. डॉक्टरांचं म्हणणं, जागच्या जागी गेला. तट अर्धा लटकलेला होता, खाली चौदा माणसं होती, एकालाही खरचटलं नाही. हे कसं झालं, ते मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

फर्मचं पत्र काय आलं माहितीये? "संबंधित कर्मचाऱ्याने सूचना न पाळता धोक्याच्या भागात प्रवेश केला." चोर सोडून संन्याशाला फाशी. सूचना त्यानेच दिली होती, ती आम्ही खोडली. मी माझी ती मेल आणि त्याचा मूळ रिपोर्ट, दोन्ही लताच्या वकिलाला दिली. लता दत्ताची बायको. त्यानंतर मला फ्रायश्टेलुंग मिळालं. म्हणजे घरी बसा, पगार घ्या, तोंड बंद ठेवा.

मी तोंड बंद ठेवणार नाही.

कारण हॉटेलचं काम पुढच्या महिन्यात सुरू होतंय. त्याच तटाखाली बावीस मजूर येणार आहेत. आणि माझ्या जागी आलेली मुलगी मूळ प्रतीवरून मॉडेल पुन्हा साफ करतेय. मी तिला फोन करून सांगितलं, त्या सतरा स्टेशनांना हात लावू नकोस. ती म्हणाली, पण तिथे तर माणूस आहे ना.

त्याला पुसलं तर ती भिंत मजुरांवर येणार. नाही पुसलं तर... दत्ताने तिथे किती दिवस उभं राहायचं? तीनशे वर्षं?

मी नऊ मेल लिहिल्या. क्लायंटला, तिथल्या खात्याला, सगळ्यांना. माझी मागणी साधी आहे. खाली कुणी नसताना ती भिंत पाडा. नाहीतरी ती पडायला आलीय. पाडा आणि माझ्या पोराला मोकळं करा. एकाचंही उत्तर नाही. ऐतिहासिक वास्तू आहे म्हणे, पाडता येत नाही.

माझ्याकडे मूळ प्रतीची कॉपी आहे. आणली आहे, चोरून. दर दोन दिवसांनी एकेचाळिसावं स्टेशन उघडते. फाइल बदलत नाही, तारीख तीच, आकार तोच. पण परवा पाहिलं तर त्याचे गुडघे वाकले होते.

काल लताचा फोन आला. ती आता माहेरी असते. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "ताई, एक विचारू? तुम्ही तेव्हा फोनवर होतात ना. त्यांना फार वेळ नाही ना लागला? लगेच सुटले ना ते?"

लॅपटॉप समोर उघडाच होता.

मी "हो" म्हणाले. दुसरं काय म्हणायला हवं होतं, तुम्हीच सांगा.